एका रेषेचे दोन अर्थ

हैदराबादच्या गच्चीबावली येथील जी. एम. सी. बालयोगी बंदिस्त क्रीडासंकुलात शुक्रवारी, १ मार्च २०२४ रोजी प्रो कबड्डी लीगचा दहावा हंगाम संपला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून प्रथमच विजेतेपद मिळवले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार या संघाचा कर्णधार, पंकज मोहिते अंतिम सामन्यातील चढायांचा प्रमुख मानकरी, आणि बचावफळीचा आधारस्तंभ इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. महाराष्ट्राप्रमाणेच गोव्यातील कबड्डीप्रेमींनीही या विजयाचा आनंद घेतला. मात्र याच संघातील अस्लम आणि शादलुई पाच महिन्यांपूर्वी एकमेकांच्या विरुद्ध संघांत होते आणि त्या दिवशीचा सामना एका रेषेच्या अर्थावरून तासभर थांबला होता. त्या रेषेचा प्रश्न हैदराबादच्या जल्लोषातही अनुत्तरितच राहिला आहे.

तो दिवस होता ७ ऑक्टोबर २०२३. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात सुरू होता. गुणफलक २८-२८ असा बरोबरीत, खेळ संपायला जेमतेम मिनिटभर उरलेले. भारताचा कर्णधार पवन सेहरावत ‘करो या मरो’ची चढाई करण्यासाठी इराणच्या अंगणात उतरला. बचावपटूला स्पर्श होण्यापूर्वीच त्याचे पाऊल बाजूच्या राखीव क्षेत्रात, म्हणजे प्रचलित भाषेत लॉबीमध्ये पडले. त्याला रोखण्याच्या आवेगात इराणचे बचावपटूही त्याच्यामागोमाग त्याच पट्ट्यात गेले. एवढेच घडले. त्यानंतर मात्र कबड्डीच्या इतिहासात क्वचितच दिसणारे दृश्य जगाने पाहिले. पंचांचा निर्णय एकदा एका बाजूला झुकला, मग दुसऱ्या. कधी एका संघाचे खेळाडू मॅटवर ठाण मांडून बसले, कधी दुसऱ्या. प्रशिक्षक, पदाधिकारी आणि पंच यांच्या घोळक्यात सुमारे तासभर खेळ ठप्प झाला. अखेरीस निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि भारताने ३३-२९ अशा फरकाने सुवर्णपदक जिंकले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मुंबईत झालेल्या लिलावात हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने याच पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना विकत घेतले. लीगच्या इतिहासातील तोवरची ती सर्वाधिक बोली होती. शादलुईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांत आपल्याकडे वळवले. वादाच्या दोन बाजूंना उभे असलेले खेळाडू एकाच लीगमध्ये एकाच नियमपुस्तिकेखाली खेळू लागले आणि या लीगमध्ये त्या विशिष्ट रेषेबाबत संदिग्धता नव्हती. हांगझोऊमधील वादाचे मर्म समजून घेण्याची सुरुवात येथूनच करावी लागते.

राखीव क्षेत्र म्हणजे काय?

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. या रुंदीपैकी दोन्ही कडांचा एकेक मीटरचा पट्टा म्हणजे राखीव क्षेत्र. चढाईपटू आणि बचावपटू यांच्यात स्पर्श होऊन झटापट सुरू होत नाही, तोवर हा पट्टा मैदानाचा भाग नसतो. झटापट सुरू झाली की तो मैदानात सामील होतो. थोडक्यात, कबड्डीचे मैदान स्थिर नाही. स्पर्शाच्या क्षणी ते आठ मीटरचे दहा मीटर होते आणि चढाई संपताच पुन्हा आठ मीटरचे. मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा आणि त्यापुढे एक मीटरवरची बोनस रेषा या साऱ्या रेषांचा अर्थ प्रामुख्याने चढाईपटूच्या पायांवर ठरतो. राखीव क्षेत्राच्या रेषेचा अर्थ मात्र दोन देहांमधील स्पर्शावर ठरतो. म्हणूनच पंचांच्या दृष्टीने ही मॅटवरची सर्वांत अवघड रेषा आहे. पाय कुठे पडला हे पाहतानाच हात कुठे लागला हेही पाहावे लागते आणि दोहोंपैकी आधी काय घडले, हेही त्याच निमिषात ठरवावे लागते.

हांगझोऊमधील घटनेची विशेषता अशी की, तेथे वस्तुस्थितीबाबत मोठा वाद उरला नव्हता. पवनचे पाऊल कुठे पडले आणि त्याच्यामागे कोण गेले, हे कॅमेऱ्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले. वाद होता तो या वस्तुस्थितीचा परिणाम काय, यावर. भारताचा दावा ज्या तरतुदीवर उभा होता, तिच्यानुसार स्पर्शाविना राखीव क्षेत्रात गेलेला चढाईपटू बाद ठरतो हे खरेच. परंतु झटापट नसताना त्याच्या पाठोपाठ तेथे गेलेला प्रत्येक बचावपटूही बाद ठरतो. त्या हिशेबाने इराणला एक गुण आणि भारताला चार. इराणचा दावा नव्या वाचनावर होता. चढाईपटूने स्पर्शाविना रेषा ओलांडली, त्याच क्षणी चढाई संपली. संपलेल्या चढाईत पुढे बचावपटू कुठे गेले याला अर्थ नाही. त्या हिशेबाने इराणला एक गुण आणि भारताला शून्य. प्रो कबड्डी लीगमध्ये हेच दुसरे वाचन रूढ आहे.

दोन्ही वाचनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: खेळ नेमका कोणत्या क्षणी थांबला? पहिल्या वाचनात प्रत्येक खेळाडू आपापल्या पावलाची किंमत चुकवतो आणि सर्वांचा हिशेब शेवटी एकत्र होतो. दुसऱ्या वाचनात पहिल्या चुकीपाशी घड्याळ थांबते. दोन्हींत तर्क आहे. दोन्ही वाचने आपापल्या जागी न्याय्य ठरू शकतात. एकाच सामन्यात दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, आणि हांगझोऊमध्ये तेच घडले.

बास्केटबॉलमधील रंगीत आयत

हा प्रश्न केवळ कबड्डीचा नाही. ज्या खेळांत मैदानाचा एखादा तुकडा काही काळ खुला आणि काही काळ निषिद्ध असतो, त्या प्रत्येक खेळाला तो सतावतो. याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे बास्केटबॉल. बास्केटखालचा रंगवलेला आयत प्रत्येकाने पाहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमांनुसार तो ४.९ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब आहे. भारतातही बास्केटबॉल याच नियमांनी खेळला जातो. चेंडू आपल्या संघाच्या ताब्यात असताना प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटखालच्या या आयतात सलग तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबता येत नाही. रेषेवर पाय असला तरी खेळाडू आत धरला जातो. फ्री थ्रोच्या वेळी तर हा आयत अधिकच काटेकोर होतो. नेम धरणाऱ्याला पाच सेकंद मिळतात. कडेला ठरलेल्या जागांवर बचाव करणाऱ्या संघाचे तीन आणि नेम धरणाऱ्याचे दोन सहकारी उभे राहतात; उरलेले खेळाडू तीन गुणांच्या रेषेमागे थांबतात. चेंडू हातातून सुटण्यापूर्वी कडेच्या कोणीही पाऊल पुढे टाकायचे नाही आणि चेंडू कडीला लागेपर्यंत किंवा बास्केटमध्ये जाईपर्यंत नेम धरणाऱ्याने रेषा ओलांडायची नाही.

या नियमाची शिक्षा कशी लावायची, याची फिबाने केलेली मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. फ्री थ्रो यशस्वी झाला आणि चूक नेम धरणाऱ्याव्यतिरिक्त अन्य कोणाची असेल, तर गुण कायम राहतो आणि ती चूक सोडून दिली जाते. चूक नेम धरणाऱ्याचीच असेल, तर गुण रद्द होतो आणि त्याच सुमारास इतरांनी केलेल्या चुकांकडे दुर्लक्ष केले जाते. फ्री थ्रो हुकला आणि बचाव करणाऱ्यांनी घाई केली असेल, तर नेम पुन्हा धरायला मिळतो. चूक नेम धरणाऱ्याच्या सहकाऱ्याची असेल, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याला दिला जातो. दोन्ही संघांनी चूक केली, तरीही पुढे काय करायचे हे लिहिलेले आहे. एका पावलाच्या जेवढ्या शक्यता, तेवढी उत्तरे आधीच ठरलेली. पंचाला मैदानावर उभे राहून तर्क लढवावा लागत नाही. त्याने पाहायचे, ओळखायचे आणि ठरलेले उत्तर द्यायचे.

तरीही पंचांच्या विवेकाला जागा आहेच. फिबाच्या नियमपुस्तिकेनेच पंचांना सांगून ठेवले आहे की, चूक ठरवताना नियमाचा हेतू पाहावा, त्या कृतीने कोणाला अनुचित लाभ झाला काय हे तपासावे, सर्वसाधारण समज वापरावी आणि खेळावरील नियंत्रण व खेळाचा प्रवाह यांचा समतोल राखावा. तीन सेकंदांचा नियम याच भावनेने लावला जातो. आयतातून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात असलेल्या किंवा सहकारी नेम मारत असताना आत असलेल्या खेळाडूला नियमच सवलत देतो. चेंडूपासून दूर निरुपद्रवी उभ्या असलेल्या खेळाडूला कसलेला पंच आधी शब्दाने सावध करतो. शिट्टी वाजते ती बहुधा तेथे थांबल्याने लाभ होत असेल तेव्हा. म्हणजे विवेकाचे क्षेत्रही आखलेले आहे: चूक दखल घेण्याजोगी आहे काय, हे पंच ठरवू शकतो; दखल घेतल्यावर शिक्षा कोणती, हे तो ठरवू शकत नाही.

एकच पाऊल, दोन निकाल

नियमपुस्तिका बदलली की त्याच पावलाचा निकाल कसा उलटतो, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलने २०१२ मध्ये पुरवले. मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेत झेव्हियर आणि नोट्रे डेम यांच्यातील सामन्याचे २.८ सेकंद उरले होते. दोन गुणांनी मागे असलेल्या नोट्रे डेमच्या एरिक अ‍ॅटकिन्सने फ्री थ्रो यशस्वी केला. परंतु तीन गुणांच्या रेषेमागे उभा असलेला त्याचा सहकारी जेरियन ग्रँट चेंडू सुटण्याआधीच पुढे सरसावला होता. पंचांनी शिट्टी वाजवली, गुण रद्द झाला, चेंडू झेव्हियरकडे गेला आणि नोट्रे डेम ६७-६३ असे पराभूत होऊन स्पर्धेबाहेर पडले. असा नियम शेवटच्या क्षणी इतक्या कठोरपणे लावावा काय, यावर बरीच चर्चा झाली.

हाच प्रसंग फिबाच्या नियमांखाली घडला असता, तर गुण कायम राहिला असता. कारण तेथे यशस्वी फ्री थ्रोच्या वेळी सहकाऱ्याची घाई सोडून दिली जाते. एकच पाऊल, एका पुस्तिकेत पराभवाचे कारण, दुसऱ्या पुस्तिकेत दखलही न घेण्याजोगे. परंतु या प्रकरणात एक गोष्ट घडली नाही, आणि तीच महत्त्वाची आहे. खेळ तासभर थांबला नाही. कोणी मैदानावर बसून राहिले नाही. कोणता नियम लागू आहे, असा प्रश्न कोणीही विचारला नाही. टीका झाली ती पंचांच्या कठोरतेवर. पुस्तिका कोणती, याबद्दल दोन्ही संघांत, पंचांत आणि प्रेक्षकांत एकमत होते. जगात दोन नियम असणे ही अडचण नाही. एका मैदानावर दोन नियम असणे ही अडचण आहे.

हांगझोऊमध्ये नेमके हेच झाले. दोन्ही संघांतील अनेक खेळाडू वर्षाचे कित्येक महिने प्रो कबड्डीत घालवतात. इराणचा कर्णधार फझल अत्राचली या लीगमधील सर्वांत अनुभवी बचावपटूंपैकी एक. राखीव क्षेत्राचे नवे वाचन त्याच्या अंगवळणी पडलेले. आशियाई स्पर्धा मात्र आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघाच्या अखत्यारीतील. ‘करो या मरो’च्या चढाईसारख्या काही बाबी लीगमुळे घराघरांत पोहोचल्या आणि आंतरराष्ट्रीय मैदानावरही दिसू लागल्या. काही तरतुदी मात्र जुन्याच राहिल्या, किंवा निदान तसा दावा करता येईल इतक्या अस्पष्ट राहिल्या. अशा अर्धवट स्थित्यंतरात प्रत्येक संघ आपल्या सोयीचे पान उघडून दाखवणार, हे उघड होते. सुवर्णपदक पणाला लागलेले असताना पंचांनी दबावाखाली निर्णय फिरवावा, मग पुन्हा फिरवावा, ही त्या अस्पष्टतेचीच अपरिहार्य परिणती होती.

विजय आपला, प्रश्नही आपलाच

भारतीय वाचकाला येथे थोडे अवघड वळण घ्यावे लागते. निकाल भारताच्या बाजूने लागल्यामुळे हा विषय आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणनेच उपांत्य फेरीत भारताला नमवून आशियाई सुवर्णाची परंपरा खंडित केली होती. १९९० पासून सलग सात स्पर्धांत पुरुषांचे सुवर्ण भारताकडेच राहिले होते. ते परत मिळाल्याचा आनंद स्वाभाविक आहे. भारतीय संघाने आपल्या समजुतीनुसार हक्काचे मागितले, यातही वावगे काही नाही. तथापि निकाल उलटा लागला असता, तर आपल्या वृत्तपत्रांनी आणि समाजमाध्यमांनी काय लिहिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. एखाद्या नियमाची कसोटी ही की, तो आपल्या विरोधात गेला तरी आपण तो मान्य करू शकतो काय. हांगझोऊमध्ये या कसोटीला कोणतेही वाचन पूर्णतः उतरले नाही. कारण ते सामन्यापूर्वी सर्वांना ठाऊक आणि मान्य नव्हते.

दोन वाचनांपैकी खेळाच्या हिताचे कोणते, याचाही शांतपणे विचार करता येतो. जुन्या वाचनात एक विचित्र शक्यता दडलेली आहे. चढाईपटूने मुद्दाम राखीव क्षेत्रात धाव घ्यावी, बचावपटूंना मागे ओढावे आणि स्वतःचा एक गुण गमावून त्यांचे तीन-चार गाठीला बांधावेत. कबड्डीचे सारे नाट्य स्पर्श, झटापट आणि दम यांत आहे. स्पर्शाविना गुणांची अशी लूट त्या नाट्याला मारक ठरते. नव्या वाचनात हा मार्ग बंद होतो. शिवाय पंचांना एकच क्षण निश्चित करावा लागतो: चढाईपटूचे पाऊल की स्पर्श, यांत आधी काय? त्यापुढील धावपळीचा हिशेब ठेवावा लागत नाही. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल की, जुन्या वाचनामुळे बचावपटूंना भान राखावे लागते. आपल्या अंगणाच्या मर्यादा त्यांनाही पाळाव्या लागतात. या युक्तिवादातही तथ्य आहे. परंतु खेळ थांबल्यानंतरच्या पावलांना शिक्षा देण्यापेक्षा खेळ थांबण्याचा क्षण स्पष्ट करणे अधिक सोपे आणि अधिक न्याय्य, असे बास्केटबॉलचा अनुभव सांगतो. तेथेही नेम धरणाऱ्याची चूक नोंदली गेली की, इतरांच्या चुका पुसल्या जातात.

दाद मागण्याची रीत

बास्केटबॉलकडून घेण्याजोगा आणखी एक धडा आहे तो दाद मागण्याच्या रीतीचा. फिबाच्या नियमांनुसार पंच कोणत्या प्रसंगी ध्वनिचित्रफीत पाहू शकतात, याची यादीच आहे. कोणती चूक कोणत्या टप्प्यापर्यंत दुरुस्त करता येते, याचीही मर्यादा आहे. तो टप्पा उलटला की निर्णय कायम. संघाला अन्याय झाल्यासारखे वाटले, तर कर्णधाराने सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत मुख्य पंचाला कळवून गुणपत्रिकेवर सही करायची असते. पुढचा निवाडा मैदानाबाहेर होतो. खेळ मात्र चालूच राहतो. खेळाडू मॅटवर बसून निर्णय बदलून घेऊ शकतात, असा समज एकदा रूढ झाला की पंचांचा धाक संपतो आणि त्यापुढचा प्रत्येक निर्णय वाटाघाटीचा विषय होतो. हांगझोऊमध्ये दोन्ही संघांनी हाच मार्ग अवलंबला, आणि दोघांनाही त्यातून कधी ना कधी निर्णय बदललेला दिसला. या खेळासाठी याहून घातक पायंडा दुसरा नाही.

प्रो कबड्डीत संघांना मर्यादित प्रमाणात पुनरावलोकन मागता येते आणि दूरचित्रवाणी पंच निर्णय देतात. हैदराबादच्या मॅटवर बाद फेरीचे सामने झाले, तेव्हा कोटींच्या बोलीचे खेळाडू, विजेतेपद आणि भरगच्च प्रेक्षागृह पणाला लागले होते. तेथेही नाराजीचे क्षण आले असतील; पण कोणता नियम लागू आहे, असा प्रश्न उभा राहण्याचे कारण नव्हते. खासगी लीगला जे साधते, ते खंडीय स्पर्धेला का साधू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर कबड्डीच्या कारभारात शोधावे लागेल. भारतीय हौशी कबड्डी महासंघावर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासक नेमला. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्याच देशातील शिखर संघटनेची ही अवस्था झाली असेल, तर नियमांचे एकीकरण, भाषांतर, पंचांचे प्रशिक्षण आणि त्यांची उजळणी ही संथ, प्रसिद्धीविना चालणारी कामे कोणी करायची?

मराठी भाषिकांना या प्रश्नाचे विशेष उत्तरदायित्व आहे. हुतुतूच्या गावोगावच्या निरनिराळ्या रीतींना एका पुस्तिकेत बांधण्याचे काम गेल्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील आणि बडोद्यातील व्यायामशाळांनी व शारीरिक शिक्षण मंडळांनी केले. चढाई, पकड, निदान रेषा, राखीव क्षेत्र, लोण, सरपंच हे शब्द त्याच परिश्रमांतून रुळले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा खेळ जगासमोर सादर केला. त्या पिढीपुढेही हीच अडचण होती: साताऱ्याची रीत वेगळी, अन्य ठिकाणची वेगळी. त्यांनी एकत्र बसून वाद मिटवला आणि मग स्पर्धा भरवल्या. आजच्या पिढीने आधी स्पर्धा भरवल्या आणि वाद मैदानावर आणून ठेवला.

गोव्याच्या मैदानांवर

गोव्यासारख्या छोट्या राज्याचा यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. हांगझोऊच्या सामन्यानंतर तीनच आठवड्यांत ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात सुरू झाली आणि ९ नोव्हेंबरपर्यंत चालली. राज्याला नवी क्रीडांगणे, बंदिस्त सभागृहे आणि मॅट मिळाले. त्याहूनही मौल्यवान म्हणजे मोठ्या स्पर्धेचे संयोजन कसे असते, याचा अनुभव स्थानिक पंच आणि कार्यकर्त्यांना मिळाला. हा वारसा केवळ इमारतींपुरता राहू नये, असे वाटत असेल, तर नियमांच्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे लागेल. शाळकरी मुलगा रात्री दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डी पाहतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या स्पर्धेत उतरतो. गावच्या मंडळाचा पंच कदाचित दहा-पंधरा वर्षांपूर्वी शिकलेल्या नियमांनी शिट्टी वाजवतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि दोघांतही जुंपते. हांगझोऊचा प्रसंग म्हणजे गावच्या मातीवर नित्य घडणाऱ्या या तंट्याचीच मोठी आवृत्ती होती. फरक एवढाच की, गावात तंटा मिटवायला एखादा वडीलधारा असतो.

यावर उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक स्पर्धेपूर्वी संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत कोणती नियमपुस्तिका लागू आहे हे लेखी जाहीर करावे आणि राखीव क्षेत्र, बोनस रेषा यांसारख्या वादग्रस्त तरतुदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. पंचांची उजळणी दर हंगामाच्या आरंभी व्हावी. हरकत नोंदवण्याची रीत आणि मुदत ठरवावी आणि खेळ थांबवून बसणाऱ्या संघावर कोणती कारवाई होईल, हेही आधीच सांगावे. बास्केटबॉलमध्ये, क्रिकेटमध्ये हे सर्व रुळलेले आहे. कबड्डीत ते झाले, तर राज्य पातळीवरील संघटनांना दिल्लीची वाट पाहण्याचीही गरज नाही.

बास्केटबॉलच्या रंगीत आयताचा इतिहास या बाबतीत आश्वासक आहे. जॉर्ज मायकनसारख्या उंच खेळाडूचे बास्केटखालचे वर्चस्व पाहून अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने १९५१ मध्ये हा पट्टा सहा फुटांवरून बारा फुटांवर नेला. पुढे विल्ट चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, तो सोळा फुटांचा झाला. फिबाने २०१० मध्ये आपला पूर्वीचा समलंब आकार टाकून आयत स्वीकारला. रेषा हलल्या, खेळाडूंनी कुरकुर केली आणि मग त्या रेषांनुसार खेळायला शिकले. प्रत्येक वेळी बदल हंगामाच्या आरंभी झाला. सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला नव्हे.

पुढील आशियाई क्रीडा स्पर्धा २०२६ मध्ये जपानच्या आइची-नागोया येथे होणार आहे. भारताने २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळवण्याची इच्छा व्यक्त केली असून, कबड्डीला तेथे स्थान मिळावे ही अपेक्षा त्यामागे आहेच. एखाद्या खेळाला ऑलिंपिकच्या दारात उभे करताना तो किती देशांत खेळला जातो हे जसे पाहिले जाते, तसेच तो कोणत्या नियमांनी खेळला जातो हेही पाहिले जाते. बावीस सामन्यांत केवळ दोन विजय मिळवून तळाशी राहिलेल्या तेलुगू टायटन्सच्या निमित्ताने हैदराबादच्या प्रेक्षकांनी त्या हंगामात पवन सेहरावतला अनेकदा पराभूत होताना पाहिले. ते पराभव त्यांनी मान्य केले, कारण ते कोणत्या नियमाने झाले हे त्यांना ठाऊक होते. नागोयात जो संघ हरेल, त्यालाही तसेच मान्य करता यावे, एवढी तजवीज त्यापूर्वी व्हायला हवी.